पाठीवरचं तुझं नाव

ताई,

काल सकाळी मी तुझं नाव पाठीवर लावून एकवीस किलोमीटर धावले. तू नको म्हणाली होतीस. एकदा नाही, तीनदा म्हणाली होतीस, आणि तिसऱ्यांदा तर माझं वाक्य अर्धं असतानाच फोन बंद केलास. तरी मी लावलं. तुला जाऊन तीन महिनेसुद्धा झाले नाहीत आणि धाकटी बहीण लगेच शब्दाबाहेर गेली. म्हणून आज रजा टाकून हे लिहायला बसलेय. पाय असे भरून आलेत की जिना उलटा उतरावा लागतोय, पण हात शाबूत आहेत, आणि तोंडाचं तर तुला माहीतच आहे.

खरं सांगायचं तर धावण्याचं खूळ डोक्यात शिरलं तेव्हा त्यात तुझा काही संबंध नव्हता. इथल्या, इंदूरच्या वीज कंपनीच्या ऑफिसात तीस वर्षं खुर्ची उबवल्यावर गुडघे कुरकुरायला लागले, म्हणून मी सकाळी स्टेडियमवर चालायला जायला लागले. तिथे मुकेश भिया भेटले. सियागंजात त्यांचं नळ-पाइपचं दुकान, आणि सकाळी पन्नाशीच्या बायाबापड्यांना धावायला शिकवण्याचा छंद. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "दीदी, आप तो चलती भी ऐसे हो जैसे किसी से लड़ने जा रही हो. थोड़ा दौड़ भी लो." त्यांचा ग्रुप दरवर्षी हाफ मॅरेथॉनमध्ये उतरतो आणि धावणारा प्रत्येक जण आपल्या ओळखीपाळखीत मदत मागतो. जमेल ते सगळं गरीब घरच्या मुलांच्या इन्सुलिनला आणि साखर तपासायच्या पट्ट्यांना जातं. कसली मुलं, म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, "टाइप वन वाले बच्चे." माझा हात आपोआप वर गेला. इथे मात्र तुझा संबंध आला.

तुला सांगायला आले तेव्हा तू भुट्टे किसत होतीस. किसणी थांबवून तू मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलंस.

"तू? धावणार? नंदू, बस सुटत असली तरी तू कधी धावली नाहीस यार. उभी राहून कंडक्टरवर ओरडायचीस."

"मग? बस थांबायची ना."

तू हसून हसून डोळे पुसलेस. आणि दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी तुझा फोन. आज किती केलंस, काय खाऊन गेलीस, खिशात साखर ठेवलीस का. तुला स्वतःला एक जिना चढताना दोनदा थांबावं लागत होतं, पण शरीराचं ऐकावं कसं, हे तुझ्याइतकं कुणाला कळत होतं? "गरम घामाला घाबरायचं नाही," तू सांगायचीस. "गार घाम आला की लगेच बसायचं. जिथे असशील तिथे. समझी?" मुकेश भियांनी मला धावायला शिकवलं असेल, पण थांबायला तूच शिकवलंस. हे तुला एकदा तरी म्हणायला हवं होतं. मी म्हटलं नाही, कारण तू लगेच डोक्यावर चढून बसली असतीस.

तुला आठवतं का, पहिल्यांदा कळलं तेव्हाचं? रामबागेतल्या घरात तू दिवसभर माठ रिकामा करायचीस आणि आई तुला ओरडायची. तू बारा वर्षांची, मी सहा. महिन्याभरात तुझे फ्रॉक अंगावर लोंबायला लागले. मग इस्पितळ, मग नाना हातात एक छोटं खोकं घेऊन आले आणि आपल्या घरात एक वेगळं पातेलं आलं. त्यात रोज सकाळी काचेची सिरिंज उकळायची. त्या पातेल्यात चहा करायचा नाही आणि त्याबद्दल बाहेर बोलायचं नाही, असे दोन नियम होते. पहिलीतल्या पोरीला 'कुणाला सांगायचं नाही' म्हणून बजावणं म्हणजे मांजराला दूध राखायला सांगणं. पण मी नाही सांगितलं. शेजारच्या काकूंनी खोदून खोदून विचारलं तरी मी म्हणायचे, ताईला ताकदीची सुई देतात.

सुई द्यायची आई. टोचायच्या आधी ती रोज देवाचं नाव घेत वेळ काढायची. एके दिवशी तू म्हणालीस, "आण इकडे," आणि स्वतःच टोचून घेतलीस. मला म्हणालीस, डोळे मीट. मी मिटले नाहीत. तेरा वर्षांच्या मुलीचा तो चेहरा मी अजून विसरलेले नाही. जगात माझी ताई सगळ्यात शूर आहे हे मला त्या दिवशी कळलं, आणि हे कुणालाही सांगता येत नाही हेही कळलं. पहिलं कळलं त्याचा आनंद किती झाला, आणि दुसऱ्याचा राग किती आला, हे तुला मी कधी बोलले नाही. माझ्या सगळ्या भांडकुदळपणाचं मूळ तिथेच असावं.

पलासियाचं स्थळ आलं तेव्हा नाना म्हणाले होते, आधी सांगू, मग काय ते होऊ दे. आई म्हणाली, झाकली मूठ सव्वा लाखाची. मला वाटलं, तू नानांच्या बाजूनं बोलशील. तू आईच्या बाजूनं बोललीस. नाना हरले आणि तुझं लग्न झालं. चौथ्या दिवशी तू जिजाजींना सगळं सांगितलंस. ते म्हणाले, "एवढंच? मला वाटलं, दुसरा कुणी आहे." त्या एका वाक्यासाठी मी त्यांना सगळे गुन्हे माफ केलेत, अगदी त्यांच्या गाण्यासकट. पण त्यांनीही आपल्या आईला, माईंना, सांगायचं नाही असंच ठरवलं. सिरिंज त्यांच्या दाढीच्या डब्यात गेली. इन्सुलिनची बाटली फ्रिजमध्ये, हिंगाच्या रिकाम्या डबीत. वासामुळे ती डबी दुसरं कुणी उघडणार नाही, ही अक्कल तुझीच.

आणि मग ती अष्टमी.

तुमच्याकडे अष्टमीला महालक्ष्मी असते. नव्या सुनेनं पाच वर्षं पुजायची, दिवसभर उपास करायचा, आणि संध्याकाळी उकडीचा मुखवटा चढवलेल्या देवीपुढे बायकांनी धुपानं धुपवलेल्या घागरी फुंकत नाचायचं. तुझं पहिलंच वर्ष. मी अठरा वर्षांची, पाठराखीण म्हणून आलेली. तू सकाळी नेहमीप्रमाणे इन्सुलिन घेतलंस आणि दिवसभरात माईंच्या नजरेआड एक केळं काय ते खाल्लंस. दिवेलागणीला आरती झाली, घागरी घुमायला लागल्या, आणि तू डुलायला लागलीस. डोळे अर्धे मिटलेले, कपाळावर घामाचे थेंब, तोंडानं काहीतरी पुटपुटणं चालू. कुणीतरी ओरडलं, "नवीन सूनबाईच्या अंगात आलं गं!" झालं. बायका तुझ्या पायावर पडायला लागल्या. माई स्वतः पडल्या. तुमच्या त्या उषाकाकूंनी विचारलं, "आई, माझ्या मुलाला नोकरी कधी लागेल?" तू म्हणालीस, "पाणी... पाणी..." पुढल्या वर्षी तो खरंच पाणीपुरवठा खात्यात लागला आणि देवीचा कौल खरा ठरला, हा भाग वेगळा.

मी तुझ्या हाताला हात लावला. गार घाम. मला कळलं की ही देवी नाही, साखर उतरलीय. आणि ताई, मी थांबले. आज इतक्या वर्षांनी हे लिहितेय. किती वेळ थांबले कुणास ठाऊक, पण मी थांबले. साखर मागितली तर कशाला म्हणून विचारतील, आणि मग सगळं बाहेर येईल, तुझं लग्न मोडेल, हा विचार करत मी तुझ्याकडे बघत उभी राहिले. तू माझ्यासमोर बुडत होतीस आणि मी अब्रूचा हिशेब करत होते. मग एकदम माझ्या तोंडून निघालं, "देवी पंचामृत मागतेय!" चारजणी धावल्या. अख्खी वाटी मी तुझ्या ओठांना लावली. थोड्या वेळानं तू डोळे उघडलेस आणि विचारलंस, "नंदू, सगळ्या अशा काय बघतायत?" देवी शांत झाली म्हणून माईंनी तुझी ओटी भरली.

आपण दोघी त्यावर पुढे किती हसलो! पुढची चार वर्षं माई अष्टमीला पंचामृताची मोठी वाटी भरून तुझ्यासमोर ठेवायच्या, आणि तू कनवटीला गुळाचे खडे लावून बसायचीस, त्यामुळे देवी काही परत आली नाही. माईंना वाटायचं, देवी रुसली. ते आठवून तू पोट धरून हसायचीस. मीही हसायचे. पण मी का थांबले होते, हे मी तुला सांगितलं नाही आणि तूही विचारलं नाहीस. आपल्या दोघींत एवढंच एक झाकलेलं होतं.

पंचेचाळिशीत डोळ्यांवर परिणाम झाला तेव्हा काहीतरी सांगणं भागच होतं. मग तुम्ही माईंना सांगितलंत, "शुगर निघाली." इंदुरात शुगर निघाली म्हटलं की कुणाच्या भुवया उंचावत नाहीत, उलट लोक आपापली सांगायला लागतात. माई म्हणाल्या, "जिलब्यांवर जरा ताबा ठेवला असतास तर ही वेळ आली नसती." तू मान डोलावलीस. बारा वर्षांच्या वयात, काही एक चूक नसताना, शरीरात इन्सुलिन तयार व्हायचंच थांबलं होतं तुझ्या. आयुष्यात जिलबी खाल्लीस ती मोजून, टोचून घेऊन. आणि तू मान डोलावलीस! मी तिथेच बसले होते. मी कपबशी इतक्या जोरात ठेवली की कपाच्या कानाचा टवका उडाला.

म्हणूनच दिवाळीच्या आधी मदतीसाठी लोकांना पाठवायचा मजकूर लिहिला तेव्हा मी त्यात तुझी गोष्ट लिहिली. नावानिशी. धावताना पाठीवरही तेच नाव लावेन म्हटलं, आणि आधी तुला पाठवली.

"हे पुसून टाक. अभी के अभी."

"का? तू काय गुन्हा केलायस?"

"सगळ्या मोहल्ल्याला कशाला बतवायचं? माझं आता काय राहिलंय? निभलं ना सगळं? तू धाव, मी बघायला येते. पण तुझ्या पाठीवर मी नको."

"निभलं? ताई, तू आयुष्यभर चोरासारखी जगलीस, आणि..."

तेव्हा तू फोन बंद केलास. दुसऱ्या दिवशी मी फोन केला तर तू चिवड्यात खोबरं किती घालायचं ते सांगितलंस. तिसऱ्या दिवशीही चिवडाच. आपल्या घराण्यात माफी चिवड्यातून मागतात. मी वाट बघत होते की दिवाळी झाली की निवांत भेटून बोलू. दिवाळी झाली आणि एका दुपारी, जेवून जरा आडवी झालीस ती उठलीच नाहीस. चोर हा शब्द तसाच राहिला. ताई, मी तो परत घेते. चोर लपतो तो दुसऱ्याचं घेतल्यावर. तू कुणाचं काही घेतलं नव्हतंस.

तू गेल्यावर मी दोन आठवडे धावले नाही. मग एका रविवारी मुकेश भियांनी गळ घातली, "दीदी, दौड़ना मत. बस बच्चों से मिल लो." त्या मुलांच्या शिबिरात गेले. तिथे गौतमपुऱ्याहून आलेली पलक भेटली. तेरा वर्षांची, दोन वेण्या, मोबाइलमध्ये डोकं. शेजारी तिची आई. महिन्याभरापूर्वी पोरगी बेशुद्ध पडून इंदूरच्या इस्पितळात भरती झाली होती, कारण शाळेत दुपारची सुई ती बाथरूममध्ये घ्यायची आणि बाथरूमची कडी तुटल्यापासून घेतच नव्हती. शाळेत कुणाला माहीत नाही, गल्लीत नाही, सख्ख्या काकांनाही नाही.

"सबके सामने कैसे लगाए?" आई म्हणाली. "कल को इसका ब्याह करना है, दीदी."

माझ्या तोंडून निघून गेलं, "मेरी दीदी को भी बारह साल की उमर में हुआ था." आयुष्यात पहिल्यांदा मी हे परक्या माणसापुढे बोलले. त्या बाईचा चेहरा एकदम उजळला.

"उनकी शादी हुई?"

"हाँ, हुई. बेटी भी है, पुणे में नौकरी करती है."

पलकनं मोबाइलमधून डोकं वर काढलं. आणि आईनं पुढचा प्रश्न विचारला, "ससुराल में पता था?"

मी पाणी प्यायला उठले. ताई, काय सांगणार होते मी? खरं सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, बघा, लपवलं म्हणून तर झालं. खोटं सांगायला जीभ रेटेना. कूलरजवळ उभी राहून मी दोन ग्लास पाणी प्यायले आणि मला लख्ख दिसलं की तुझी गोष्ट झाकून ठेवली तर ती फक्त एकाच कामाला येते. दुसऱ्या आईला लपवायची हिंमत द्यायला. आणि पलकला आत्ता नेमकी तीच हिंमत मारत होती. तू म्हणाली होतीस, माझं आता काय राहिलंय. तुझं काही नव्हतं राहिलं, खरंय. पण तिचं सगळं राहिलं होतं.

त्याच संध्याकाळी मी जिजाजींकडे गेले. म्हटलं, माईंना सांगायचंय. ते म्हणाले, "ती नको म्हणाली होती, नंदा."

"मला माहितेय."

ते खूप वेळ फ्रिजकडे बघत बसले. मग म्हणाले, "सदतीस वर्षं ती हिंगाची डबी सांभाळली मी. आता थकलो. तू सांगून दे. पण मी त्या खोलीत नाही बसणार." आणि दाराबाहेर स्टूल घेऊन बसले.

माई आता शहाऐंशीच्या आहेत, पण कान तिखट आणि बुद्धी त्याहून तिखट. मी पातेल्यापासून पंचामृतापर्यंत सगळं सांगितलं. शेवटी त्या एवढंच म्हणाल्या, "मग त्या दिवशी देवी नव्हती?"

"नाही, माई."

"आणि पोर उपाशी होती."

मी मान हलवली.

"आधी सांगितलं असतंत तर लग्न मोडलं असतं मी," त्या म्हणाल्या. "झूठ कशाला बोलू? तेव्हा मी तशीच होते. पण एकदा घरात आल्यावर? दोन वर्षांनी? दहा वर्षांनी? माझ्या सुनेला मी उपाशी ठेवलं असतं का गं? मला काय राक्षसीण समजत होतात सगळे?" आणि मग त्या माऊलीला रडू फुटलं. तुझ्या तेराव्याला डोळ्यांतून टिपूस न काढलेल्या माई पदर तोंडाला लावून रडल्या. "जिलबीवरून बोलायचे मी तिला," असं पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या. दाराबाहेर स्टूल सरकल्याचा आवाज झाला आणि जिजाजी आत येऊन आईजवळ बसले.

निघताना मी म्हटलं, "माई, त्या दिवशी तुम्ही तिच्या पाया पडला होतात, ते..."

"पडले ते ठीकच झालं," त्यांनी नाक पुसत मला गप्प केलं. "देवी नसेल. रोज सुई टोचून घेऊन माझं घर करणारी तर होती." मग विचारलं, "पाठीवर काय लिहिणार आहेस?"

"ताईचं नाव."

"बस, नावच? त्यानं कुणाला काय समजणार? पूरं लिही. बाराव्या वर्षापासून होती म्हणून लिही. लोकांना नको वाटायला की गोड खाऊन झाली."

म्हणजे ताई, तू तीनदा नको म्हणालीस आणि तुझ्या सासूनं एकदा हो म्हटलं. मी सासूचं ऐकलं. तुझ्या जागी कुणीही सून चिडली असती. दुसऱ्या दिवशी मी पलकच्या आईला फोन करून तिच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. ससुराल में पता नहीं था. अब पता है. आणि सासू काय म्हणाली तेही सांगितलं, लग्न मोडलं असतं या वाक्यासकट. त्या बाईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सोच के बताती हूँ." काय विचार करून काय सांगणार, ते मी विचारलं नाही.

काल काय थंडी होती! पहाटे हात चोळत सगळे उभे, आणि माझ्या पाठीवर हिंदीत, सगळ्यांना वाचता यावं म्हणून: 'शालिनी. बारह साल की उम्र से टाइप वन डायबिटीज़. इकसठ साल शान से जी.' ते 'शान से' मी माझ्या मनानं घातलं. पहिले काही किलोमीटर मला पाठीवर तुझे डोळे टोचत होते. पलासियाला जिजाजींनी माईंना शालीत गुंडाळून खुर्चीवर रस्त्याकडेला बसवलं होतं. मी दिसल्यावर त्या ओरडल्या, "फिर! पाठ दाखव!" मी धावता धावता वळून पाठ दाखवली आणि मागच्या दोघांना धडकले. माईंनी चष्मा सावरून वाचलं आणि शेजारच्या अनोळखी माणसाला सांगितलं, "आमची सून."

पुढे भंवरकुआंच्या बाजूला एक मुलगा मागून आला आणि बरोबरीनं धावायला लागला. कोचिंग क्लासवाला असावा, विशी-बाविशीचा. म्हणाला, "आंटी, मेरे को भी है. नौ साल से." दंडावर चिकटवलेलं साखर मोजायचं यंत्र दाखवलं आणि हसून पुढे निघून गेला. मला वाटलं होतं, लोक वाचून हळहळतील, च् च् करतील. तसं फारसं कुणी केलं नाही. लोकांनी नाव घेतलं. "चलो शालिनी जी!" अशा हाका मला येत होत्या. अनोळखी माणसं रस्त्यावर तुझं नाव घेऊन टाळ्या वाजवत होती आणि मी पाणी पिण्याच्या मिषानं रडून घेत होते.

सतराव्या किलोमीटरला पोटरीत गोळा आला. मी कपाळाला हात लावून पाहिला. गरम घाम होता. म्हणजे घाबरायचं कारण नव्हतं, नुसतं दुखत होतं. मी चालत राहिले आणि मोठ्यानं तुझ्याशी भांडत राहिले. तुला काय हक्क होता असं एकदम जायचा, भांडण अर्धं टाकून? बाजूनं जाणाऱ्या एका बाईनं विचारलं, "दीदी, सब ठीक?" म्हटलं, "हाँ, बहन से बात कर रही हूँ." ती बरं म्हणून पुढे गेली. शेवटचे दोन किलोमीटर मी धावले, असं मी म्हणते. मुकेश भियांचं म्हणणं वेगळं आहे.

तू मला माफ करशील की नाही, मला माहीत नाही. तू असतीस तर आठवडाभर बोलली नसतीस, एवढं नक्की. मी तुला न विचारता तुझी मूठ उघडली, आणि ते बरोबरच होतं असं छातीवर हात ठेवून सांगायला मी काही शहाणी नाही. पण नंतर काय झालं तेवढं ऐकून घे. मग हवं तेवढं रागाव.

शर्यत संपते तिथे धावणाऱ्यांसाठी पोह्यांची टपरी लावली होती. मी फुटपाथवर पाय पसरून बसले होते, बूट काढायचीही ताकद नव्हती. तेवढ्यात समोर पलक आणि तिची आई. पहाटेच्या बसनं गौतमपुऱ्याहून आल्या होत्या. आई म्हणाली, "सोच लिया, दीदी. मास्टरनी को बता दिया है." इतकंच. तिच्या आवाजात आनंद नव्हता, धास्तीच होती. पण सांगितलं होतं. मग ती पोह्यांच्या दोन प्लेटी सांगायला गेली, आणि पलक माझ्या शेजारी फुटपाथवर बसली. तिनं बॅगेतून इन्सुलिनचं पेन काढलं. आजूबाजूला शंभर माणसं. मी बाथरूम कुठे आहे ते शोधायला लागले. सवय गं, तुझ्याबरोबरची. तोवर तिनं कुर्ता पोटापाशी जरासा वर केला आणि सुई लावलीसुद्धा.

पोहेवाला प्लेट हातात घेऊन पुढ्यातच उभा होता. त्यानं सगळं पाहिलं. पलकची आई जागच्या जागी थिजली. आणि त्यानं विचारलं, ताई. तोच प्रश्न, ज्याच्या धास्तीनं एकोणपन्नास वर्षं आपलं सगळं घर दबक्या पावलांनी चाललं.

"ये क्या कर रही हो, बेटा?"

"इन्सुलिन ले रही हूँ, भिया," पलक मान वर न करता म्हणाली. "पोहे खाने हैं ना."



"अच्छा," तो म्हणाला. "तो सेंव कम डालूँ कि ज़्यादा?"

"ज़्यादा," पलक म्हणाली.